एकच फ्लॅश, पण कॅमेऱ्यापासून दूर

सोलापूरहून बार्शीकडे जाताना वाटेत लागणारे वैराग सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा भर माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो: एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैअखेर आभाळात बहुधा ढग असतात, त्यामुळे ती वेळ कुणाच्या लक्षात येत नाही. मेमधली मात्र ऐन लग्नसराईत येते. त्या दिवसांत वैरागला सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात १२.२० ते १२.२५ वाजलेले असतात. म्हणजे साडेबाराचा मुहूर्त असेल, तर अक्षता पडतात त्याच सुमारास ऊन सरळ वरून खाली उतरत असते. फोटोसाठी मंडळी मांडवाबाहेर आली की भुवयांखाली डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली वरच्या ओठावर येते, फेटा बांधलेल्याचे निम्मे कपाळ अंधारात जाते आणि शेजारचे शुभ्र धोतर मात्र डोळे दिपवते. यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश समोरून मारला जातो. डोळे दिसू लागतात खरे, पण चेहरा सपाट होतो, घामेजल्या कपाळावर पांढरा डाग चमकतो आणि नवरदेव स्वतःसारखाच दिसत नाही. दोष उन्हाला दिला जातो, नाहीतर फ्लॅशला. या प्रकरणाचे म्हणणे असे की दोष दोघांचाही नाही, जागेचा आहे. काही हजारांत मिळणारा एक साधा सुटा फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवला, चेहऱ्याच्या जवळ आणला आणि त्याचा प्रकाश मोठ्या पांढऱ्या कापडातून सोडला, तर उत्तम पोर्ट्रेटला तेवढे पुरते. पैसे कमी म्हणून केलेली ती तडजोड नव्हे. चेहरा मुळात कसा दिसतो, त्याला धरून असलेली ती पद्धत आहे.

आधी समोरून आलेला प्रकाश काय करतो ते पाहू. फोटो हा सपाट कागद असतो, त्यावर नाकाचा उंचवटा आणि गालाची गोलाई आपल्याला कळते ती केवळ उजेडाचे सावलीत रूपांतर होत जाते त्यावरून. फ्लॅश लेन्सच्या वर चार बोटांवर असेल, तर त्याने पाडलेली सावली माणसाच्या मागे जाते आणि लेन्सला दिसत नाही. दिसते ती मागच्या भिंतीवर चिकटलेली काळी किनार. शिवाय प्रकाश लेन्सच्या इतक्या लगत असला की अंधाऱ्या जागी तो बाहुलीतून आत जाऊन डोळ्याच्या पडद्यावरून तसाच परततो आणि डोळे लाल दिसतात. समोरून फ्लॅश मारण्याची ही चूक फ्लॅशइतकीच जुनी आहे. मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर जर्मनीत १८८७ साली आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी तयार केली. लगेच न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस याने ती वापरून गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांतले फोटो काढले आणि १८९० साली ते पुस्तकरूपाने जगापुढे आणले. पुरावा म्हणून त्या फोटोंचे मोल मोठे, कारण त्यांनी खोलीतले सगळे दाखवले. पण त्यांत माणसे दचकलेली आणि सपाट दिसतात. जिथे सगळे दाखवायचे असते तिथे समोरचा प्रकाश चालतो. एका माणसाची ओळख दाखवायची असेल, तर काही भाग उजळावा लागतो आणि काही भाग सावलीत सोडावा लागतो.

एका दिव्यात चेहरा किती भरून येतो, याचा पुरावा मराठी चित्रकलेतच आहे. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी १९४०च्या दशकात आपल्या मुलीला दिवा हातात देऊन उभे केले आणि जलरंगात चित्र रंगवले. 'ग्लो ऑफ होप' या नावाने ते ओळखले जाते आणि म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलासंग्रहालयात आहे. अनेकजण ते राजा रविवर्म्याचे समजतात. चित्रात प्रकाश देणारी वस्तू एकच, हातातला दिवा. पण नीट पाहिले तर हळदणकरांनी तीन गोष्टी साधल्या आहेत. दिवा चेहऱ्यापासून हातभरावर आहे, म्हणून चेहरा उजळतो आणि मागचा भाग काळोखात जातो. दिवा समोर न ठेवता चेहऱ्याच्या बाजूला आणि खालून आहे, म्हणून गालाची गोलाई उमटते. आणि ज्योतीपुढे आडवा धरलेला हात उघड्या ज्योतीचा झगझगाट आपल्या डोळ्यांपर्यंत येऊ देत नाही. बोटांतून लालसर उजेड तेवढा झिरपतो. जवळचा, बाजूचा आणि गाळलेला प्रकाश: फ्लॅशने पोर्ट्रेट काढणाऱ्याला याहून वेगळे काही करायचे नसते. मराठी सिनेमातही दिव्यांचा विचार लवकर सुरू झाला. बाबुराव पेंटरांचा १९२३ सालचा 'सिंहगड' हा कृत्रिम प्रकाश वापरणारा पहिला भारतीय चित्रपट मानला जातो. प्रकाश आपण निर्माण करायचा म्हणजे तो कुठून यावा हेही आपणच ठरवायचे, ही समज आपल्याकडे शंभर वर्षे जुनी आहे.

आता प्रकाश मऊ की कडक, हे कशावर ठरते? तो किती तीव्र आहे यावर नव्हे. चेहऱ्याच्या जागेवरून पाहिले असता तो केवढा दिसतो यावर. सूर्य अवाढव्य असला तरी १५ कोटी किलोमीटर दूर आहे, त्यामुळे आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून त्याची सावली सुरीने कापल्यासारखी. सुट्या फ्लॅशचे तोंड साधारण ७ सेंटीमीटर रुंद; २ मीटरवरून ते २ अंशांचे दिसते. सूर्यापेक्षा मोठे, पण चेहऱ्यासाठी अजूनही बारीकच. त्याच फ्लॅशचा प्रकाश १ मीटर व्यासाच्या पांढऱ्या छत्रीतून सोडला आणि छत्री चेहऱ्यापासून १ मीटरवर ठेवली, तर प्रकाशाचा स्रोत ५० अंशांहून मोठा होतो. आता तो नाकाच्या पलीकडेही थोडा वळून पोहोचतो आणि सावलीची कड विरघळते. इथे एक घोटाळा टाळायला हवा. छत्री लावली की प्रकाश मऊ झाला, असे समजून ती ४ मीटर दूर उभी करणारे पुष्कळ आहेत. तेवढ्या अंतरावर मीटरभर छत्री १४ अंशांची उरते आणि तिचा बराचसा उपयोग संपतो. छत्री फ्रेमच्या कडेला जवळजवळ दिसू लागेल इतकी आत आणायची, मग हळूच थोडी मागे घ्यायची. छत्री नसेल तर पांढरी चादर दोघांनी ताणून धरली आणि मागून फ्लॅश मारला तरी काम होते. चादर मात्र कोरी पांढरी हवी. सोलापुरी चादरीची नक्षी पलंगावर शोभते. प्रकाशापुढे धरली तर तिचा रंग चेहऱ्यावर उतरतो.

जवळ आणण्याचे दुसरे कारण अंतराच्या गणितात आहे. अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. चौपट झाले की सोळावा भाग उरतो. फ्लॅश चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि भिंत चेहऱ्यामागे ३ मीटरवर असेल, तर भिंतीपर्यंत सोळावा भागच पोहोचतो. मग ती चुन्याची पांढरी भिंत असली तरी फोटोत गडद करडी दिसते आणि तिच्यावरचे कॅलेंडर, वायरी, स्विचबोर्ड आपोआप मागे सरतात. काळा पडदा विकत घ्यावा लागत नाही. हाच नियम विसरला की लग्नाच्या ग्रुप फोटोत पुढे बसलेली आजी जळून पांढरी होते आणि मागच्या रांगेतला नातू अंधारात बुडतो: आजी फ्लॅशपासून २ मीटरवर, नातू ४ मीटरवर, म्हणजे त्याला तिच्या पावपट प्रकाश. ग्रुपसाठी फ्लॅश मुद्दाम दूर आणि उंच न्यावा लागतो, म्हणजे दोन रांगांच्या अंतरातला फरक प्रमाणाने कमी होतो. पोर्ट्रेटला जे योग्य ते ग्रुपला अयोग्य, हे एकदा कळले की निम्मे फोटो वाचतात.

तिसरे कारण शक्तीचे. भर दुपारी पूर्ण उन्हातली पार्श्वभूमी नीट यायची असेल, तर आयएसओ १००, शटर १/२५० सेकंद आणि अॅपर्चर एफ/११ हे जवळजवळ ठरलेले प्रमाण आहे. माणूस झाडाच्या किंवा मांडवाच्या सावलीत उभा केला, तर याच प्रमाणात त्याचा चेहरा काळा येईल. तो उजळायचे काम फ्लॅशचे. नेहमीच्या सुट्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या शक्तीचे माप, ३६ धरू. पांढऱ्या छत्रीतून जाताना सुमारे तीन चतुर्थांश प्रकाश खर्ची पडतो; प्रकाश पावपट झाला की गाइड नंबर निम्मा होतो, म्हणून तो १८ उरतो. गाइड नंबरला मीटरमधल्या अंतराने भागले की अॅपर्चर मिळते. छत्री १ मीटरवर असेल तर एफ/१८, म्हणजे एफ/११साठी फ्लॅशची निम्म्याहून कमी शक्ती पुरे. दीड मीटरवर एफ/१२, म्हणजे जवळजवळ पूर्ण शक्ती. २ मीटरवर एफ/९, म्हणजे पूर्ण शक्तीनेही कमीच पडणार. अर्ध्या मीटरचा असा हिशेब असतो. मेमध्ये पारा चाळिशीपार गेलेला असताना पूर्ण शक्तीने एकामागून एक फ्लॅश मारला की तो तापतो, सेल त्याला पुन्हा भरायला वेळ घेतात आणि नेमक्या क्षणी दिवा लागतच नाही. तोच फ्लॅश जवळ आणून कमी शक्तीवर चालवला, तर सेलचा एक संच बराच वेळ टिकतो.

या हिशेबात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात संपतो. त्यामुळे शटर १/६० ठेवा की १/२५०, चेहऱ्यावर पडणाऱ्या फ्लॅशच्या प्रकाशात फरक पडत नाही. फरक पडतो तो आसपासच्या उजेडात. अॅपर्चर मात्र दोन्हींवर चालते. म्हणजे मागचे शिवार किती उजळ दिसावे हे शटरने ठरवायचे आणि चेहरा किती उजळ हे अॅपर्चरने किंवा फ्लॅशच्या शक्तीने. एका फोटोत दोन स्वतंत्र नियंत्रणे हाती येतात. मर्यादा एकच: बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०च्या पुढे शटर नेले की त्याचा पडदा पूर्ण उघडलेला असा क्षणच नसतो आणि फोटोच्या कडेला काळी पट्टी येते. हायस्पीड सिंक या फ्लॅशमधल्या सोयीने ती टळते, पण त्यात फ्लॅशची शक्ती बरीच कमी होते. दुपारच्या उन्हात तिचीच तर गरज असते.

मांडवात हे नियंत्रण फार उपयोगी पडते. लाल, गुलाबी किंवा पिवळ्या कापडातून गाळून आलेले ऊन चेहऱ्यांना तोच रंग देते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स बदलून तो काढू गेले की मांडवाबाहेरचे दृश्य निळे-हिरवे पडते, कारण तिथला उजेड पांढराच आहे. फ्लॅशचा प्रकाश दुपारच्या उन्हासारखा, सुमारे ५५०० केल्विनचा असतो. शटरचा वेग वाढवून मांडवाचा रंगीत उजेड दाबला आणि चेहऱ्यावर फ्लॅशचा स्वच्छ प्रकाश पाडला, की हळद पिवळी राहते, शालू आपल्या रंगाचा राहतो आणि गाल गालाच्या रंगाचे राहतात. घरात फोटो काढताना मात्र फोटोग्राफीच्या पुस्तकांत सांगितलेला छतावरून प्रकाश उसळवण्याचा उपाय या भागात सरसकट चालत नाही. माळवदाच्या घरात वर काळपट लाकडी तुळया असतात. त्या प्रकाश गिळून टाकतात. पत्र्याचे छत तो वेडावाकडा परतवते. तिथे बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर फ्लॅश मारावा. भिंत निळ्या किंवा हिरव्या डिस्टेंपरची असेल तर तेही नको. मग छत्रीच बरी.

यावर पहिला आक्षेप येतो तो नैसर्गिक प्रकाशाच्या बाजूने. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फुकट असताना आणि दारातून येणारा उजेड इतका मऊ असताना हा खटाटोप कशाला? आक्षेप खरा आहे. ओसरीच्या दारात बसवलेल्या म्हाताऱ्याचा सकाळचा फोटो फ्लॅशच्या फोटोला सहज मागे टाकतो. पण दार हाही एकच मोठा, जवळचा, बाजूचा प्रकाश आहे. म्हणजे हा आक्षेप एका दिव्याच्या पद्धतीला पाठिंबाच देतो. फरक इतकाच की दार हलवता येत नाही आणि मुहूर्त सकाळचा ठेवा असे नवरीच्या वडिलांना सांगता येत नाही. वरात रात्रीची असते, माध्यान्ह टळत नाही. जिथे चांगला उजेड नाही तिथे त्याच्यासारखा उजेड उभा करणे, एवढेच फ्लॅशचे काम. आणि संध्याकाळचे ऊन असेल तर ते पाठीमागून केसांवर घ्यावे, चेहऱ्यावर फ्लॅश द्यावा. दोघांत भांडण नाही.

दुसरा आक्षेप स्टुडिओतल्या जाणकारांचा: एका फ्लॅशने अर्धा चेहरा काळा पडतो, मुख्य दिवा, सावली हलकी करणारा दिवा आणि केसांवरचा दिवा असे तीन तरी हवेत. हाही आक्षेप तसा निराधार नाही. छत्री पार कानाच्या रेषेत नेली तर पलीकडचा गाल खरेच हरवतो. पण सावली हलकी करायला दिवाच लागतो असे नाही. पलीकडच्या गालाजवळ, फ्रेमच्या जरा बाहेर, पांढरा टॉवेल कुणाला धरायला सांगितला की फ्लॅशचाच प्रकाश तिथून परततो. सोलापूरच्या यंत्रमागावरचा पांढरा टर्किश टॉवेल या कामाला फार चांगला, कारण त्याची लव प्रकाश सगळीकडे सारखा पसरवते. टॉवेल जवळ आणला तर सावली उजळते, दूर नेला तर गडद होते. तीन दिव्यांत तीन सावल्या एकमेकींना छेदतात आणि कुठली चुकली हे नवशिक्याला सापडत नाही. एका दिव्यात चूक लगेच दिसते आणि फ्लॅश वीतभर सरकवून ती सुधारता येते.

तिसरा आक्षेप सर्वांत चिवट आहे, कारण तो गिऱ्हाइकाचा आहे: आम्हाला फोटोत उजळ दिसायचे आहे, सावल्या नकोत. समोरचा कडक फ्लॅश रंग उडवतो आणि म्हणूनच तो आवडतो, असे फोटोग्राफर सांगतात. या आवडीमागे यंत्रांचाही हात आहे. कोडॅककडून फोटो प्रयोगशाळांना रंग जुळवायला पाठवली जाणारी 'शर्ली कार्डे' कित्येक वर्षे गोऱ्या स्त्रीच्या चेहऱ्याची होती. तिचा रंग बरोबर आला की सगळे बरोबर, असे धरले जाई. कॅमेऱ्याचा मीटरही समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. पांढरी टोपी आणि पांढरे धोतर दिसले की तो फोटो गडद करतो, सावळा चेहरा आणखी काळा पडतो. काळा कोट दिसला की उलट होते. मग कॉम्प्युटरवर सगळ्यांचे चेहरे सारखे पांढरे केले जातात आणि बापलेकांतले साम्यही त्यात पुसले जाते. याला उत्तर म्हणजे मॅन्युअल फ्लॅश. अंतर आणि शक्ती एकदा ठरवली की समोर कुणी काय नेसले आहे याने फ्लॅशचा प्रकाश बदलत नाही. प्रत्येक चेहरा आपल्या रंगात येतो. दुसरे असे की सावळ्या त्वचेचे रूप तिच्या झळाळीत असते. बारीक फ्लॅशची झळाळी कपाळावर पांढरा ठिपका होऊन बसते. मोठ्या छत्रीची झळाळी गालावरून पसरत जाते आणि चेहरा भरीव दिसतो. गिऱ्हाइकाला हवे असते ते देखणे दिसणे. पांढरे दिसणे हा त्यावर त्याला माहीत असलेला एकच उपाय आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले, तर निवड त्याच्यावर सोपवायला हरकत नाही.

चौथा आक्षेप आजचा: मोबाइल हे सारे करतो. मोबाइल पार्श्वभूमी धूसर करतो, चेहरा उजळतो, तेही क्षणात. पण त्याचा दिवा काही मिलिमीटरचा आणि लेन्सला चिकटलेला. म्हणजे फ्लॅशचे सगळे दोष त्यात एकत्र. बाकी जे होते ते अंदाजाने रंगवलेले असते. पदराखाली सावलीत गेलेला डोळा मोबाइल उजळू शकतो, पण त्या डोळ्यावर जो प्रकाश पडलाच नाही त्याचा तपशील तो आणणार कुठून? डोक्यावर पदर घेतलेल्या आजीचा फोटो हीच फ्लॅशची खरी परीक्षा आहे. पदराची कड दोन्ही बाजूंनी पुढे आलेली असते. फ्लॅश कानाच्या बाजूने ठेवला तर तो पदरावर अडतो आणि चेहरा गुहेत राहतो. आजीचा चेहरा ज्या दिशेला वळलेला आहे त्याच दिशेला, डोळ्यांच्या थोडे वर छत्री आणली, की प्रकाश पदराच्या आत शिरतो, कपाळावरचे गोंदण उमटते, नाकातल्या फुलीवर एक बारीक चमक येते आणि दोन्ही बुबुळांत छत्रीचा पांढरा गोल दिसतो. सुरकुत्या दिसतात, पण खणल्यासारख्या नव्हे. चष्मा असेल तर काचेतला गोल जाईपर्यंत छत्री वर किंवा बाजूला सरकवायची. आजीला मान वाकडी करायला सांगायचे नाही.

सुरुवात करणाऱ्याला यासाठी फार काही लागत नाही: मॅन्युअल शक्ती बदलता येणारा फ्लॅश, रेडिओ ट्रिगर, हलका स्टँड, मीटरभर व्यासाची पांढरी छत्री, चार्जिंगच्या सेलचे दोन संच आणि एक पांढरा टॉवेल. छत्री चेहऱ्याच्या ४५ अंश बाजूला आणि तेवढीच वर ठेवून सुरुवात करावी आणि मग पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा लहान त्रिकोण दिसेपर्यंत सरकवावी. फेटा असेल तर थोडी खाली आणावी. स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधलीच पाहिजे. मेमधली एक वावटळ छत्रीसकट फ्लॅश उचलून नेते. सगळ्यात महागडा फ्लॅशही कॅमेऱ्यावर बसलेला असेपर्यंत चेहरा सपाटच करतो, आणि सगळ्यात स्वस्त फ्लॅश हातभर बाजूला, छत्रीमागे उभा राहिला की चेहरा घडवतो. म्हणून नवा कॅमेरा किंवा दुसरा फ्लॅश घेण्याआधी, हाती आहे तो फ्लॅश आजच कॅमेऱ्यावरून खाली उतरवा.